गोव्याचा किनारा गाडीने, तेरेखोल ते पोळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेडण्यात घर असल्याचा एक परिणाम म्हणजे ऑक्टोबर उजाडला की फोन वाजायला लागतात. पुण्याचा भाचा, कोल्हापूरचे व्याही, भाच्याच्या ऑफिसातली मंडळी, सगळ्यांना "बीच सोडून काहीतरी" बघायचं असतं. दरवर्षी तेच प्रश्न, तीच उत्तरं. म्हणून ती एकदा लिहून काढली.

गोव्याचा किनारा जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर. त्याला चार-पाच दिवस कशाला हवेत?

पत्रादेवीला शिरून पोळ्याला बाहेर पडायचं तर राष्ट्रीय महामार्ग ६६ ने साधारण १४० किलोमीटर होतात. सकाळी चहा घेऊन निघालात तर जेवायला कारवारला. तेवढंच करायचं असेल तर हे पान वाचू नका.

पक्षी, कासवं, मगरी, गवे यांपैकी काहीही बघायचं असेल तर किलोमीटर विसरा आणि वेळा धरा. पहाटेचे दोन-अडीच तास आणि उन्हं कलल्यानंतरचे दोन तास, एवढाच दिवस कामाचा. जानेवारीत नीट उजाडायलाच सात वाजतात. म्हणजे दिवसाला दोन जागा होतात, तिसरी ओढूनताणून. दुपार रस्त्यासाठी, जेवणासाठी आणि झोपेसाठी. गोव्यात दुपारी एक ते चार बरीच दुकानंही बंद असतात, त्यामुळे झोपण्यात काही बुडत नाही. चार रात्री ठेवा. पाच ठेवल्यात तर उत्तम.

थांबे कसे निवडायचे? नकाशावर तर सगळे समुद्रकिनारेच दिसतात.

किनारे पाहू नका, नद्या पाहा. उत्तरेकडून खाली तेरेखोल, शापोरा, मांडवी, जुवारी, साळ, तळपण, गालजीबाग अशा ओळीने नद्या समुद्राला मिळतात. गोव्याच्या किनाऱ्यावर जे काही जिवंत आहे, ते बहुतेक या मुखांच्या आसपास. गोडं आणि खारं पाणी मिसळतं तिथे चिखल, चिखलात किडे-खेकडे, त्यांच्यामागे पक्षी, आणि काठाने कांदळवन. नुसत्या सरळसोट वाळूच्या पट्ट्यावर माणसं जास्त आणि कुरव पक्षी कमी. आमचा साधा नियम: पूल आला की वेग कमी करा, फेरीबोट दिसली की रांगेत लागा.

भरती-ओहोटीची वेळ कशी कळणार?

मोबाईलवर मुरगावच्या भरतीचं कोष्टक मिळतं. रेंज नसेल तर भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब असा: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, तो भरतीचा तास. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. तीनच्या सुमारास भरती, त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे नऊ-सव्वानऊला, ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. तासभर इकडेतिकडे होतं, पण सहल आखायला चालतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. तेव्हा पाणी वर जास्त चढतं आणि खालीही जास्त उतरतं, चिखल लांबवर उघडा पडतो. पक्षी बघणाऱ्यांनी हेच दिवस धरावेत.

कोणत्या महिन्यात यावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. स्थलांतरित पक्षी आलेले असतात, हवा बरी असते. नाताळ ते एक जानेवारी मात्र टाळा. त्या आठवड्यात म्हापसा ते कळंगुट रस्त्यावर तुम्हाला वन्यजीवन दिसेल, पण ते वेगळं. कासवांची पिल्लं बघायची असतील तर फेब्रुवारी-मार्च बरे. एप्रिल-मे घामाचे.

पावसाळ्यात?

या, पण किनाऱ्यासाठी नव्हे. समुद्र खवळलेला असतो, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, शॅक उतरवलेले. त्या दिवसांत बेडूक, धबधबे आणि सत्तरी-सांग्याचं रान. तो प्रवास निराळा, त्याचे प्रश्नही निराळे.

महाराष्ट्रातून येताना सुरुवात कुठून करावी?

बहुतेक जण बांदा–पत्रादेवीने येतात. आमचं मत, वेळ असेल तर सावंतवाडीहून वेंगुर्ला–शिरोडा–रेडी करत तेरेखोलला उतरा. किल्ला नदीच्या उत्तर काठावर, चहूकडे महाराष्ट्र, तरी हद्द गोव्याची. सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला पोर्तुगीजांनी १७४६ मध्ये घेतला, त्याचा हा शिल्लक हिशेब. तटाजवळ उभं राहून खाली नदीचं मुख आणि पलीकडे केरीची वाळू दिसते. काकण, म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, इथे वारा पकडून तरंगताना बघायला मिळू शकतो. ब्राह्मणी घारी तर असतातच.

खालून फेरीबोटीने केरीला जाता येतं. फेरीच्या वेळा आधी विचारून ठेवा. चुकली तर आरोंदा–किरणपाणी पुलावरून वळसा घ्यावा लागतो. आणि नकाशात "केरी" टाकताना तालुका बघा. सत्तरीतही एक केरी आहे, चोर्ला घाटाच्या पायथ्याशी. एकदा कोल्हापूरची मंडळी तिथे पोचली आणि "समुद्र कुठाय?" म्हणून फोन केला.

मोरजीला कासव नक्की दिसेल ना?

नाही. हे आधीच सांगितलेलं बरं.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी अंधार पडल्यावर किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, खड्डा बुजवते आणि तास-दोन तासांत परत जाते. ओडिशात हजारो माद्या एकदम येतात. गोव्यात तसं होत नाही, इथे एकेकटी येते, कुठल्याही रात्री. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे तिचे किनारे. हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च, कधी त्याही पुढे. वन खात्याची माणसं अंडी शोधतात, गरज पडली तर कुंपण घातलेल्या जागेत हलवतात, आणि ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात, गार राहिली तर नर. कासवाच्या पिल्लाचं लिंग वाळूच्या उष्णतेवर ठरतं, हे सांगितलं की लहान मुलं हमखास गप्प होतात.

तुमच्या हातात एवढंच: दुपारनंतर वन खात्याच्या झोपडीपाशी जा, नम्रपणे विचारा की एखादं घरटं फुटायच्या बेतात आहे का. असेल तर संध्याकाळी या. पिल्लं क्षितिजावरच्या उजेडाकडे धावतात. अंधाऱ्या रात्री तो उजेड समुद्राचा असतो. मागे हॉटेलचा दिवा लागला की ती तिकडे वळतात आणि कुत्र्यांच्या किंवा खेकड्यांच्या तोंडी जातात. म्हणून टॉर्च नाही, फ्लॅश नाही, हातात घेऊन फोटो तर मुळीच नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हे कासव आहे. हौस पोलीस ठाण्यापर्यंत नेऊ शकते.

कासव नाही दिसलं तरी मोरजीचा टेंब सोडू नका. शापोरा नदी जिथे समुद्राला मिळते ते वाळूचं टोक म्हणजे टेंब. ओहोटीला सकाळी जा आणि उकिडवे बसा. पायाजवळच्या वाळूवर मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी दिसेल, मधल्या एका भोकातून चहूकडे किरण फुटल्यासारखी. वाळूतला करंगळीच्या नखाएवढा खेकडा वाळू तोंडात घालतो, तिच्यातलं खाण्याजोगं काढून घेतो आणि उरलेल्याची गोळी करून मागे टाकतो. तुम्ही हललात की भोकात, दोन मिनिटं शांत बसलात की परत बाहेर. समोर पाण्याच्या कडेने तुतवार आणि चिलखे हे छोटे पक्षी लाटेबरोबर पुढे-मागे पळत असतात. भाचा इथे कासवासाठी आला होता आणि तास-दीड तास खेकडेच बघत बसला.

चोडणच्या पक्षी अभयारण्यात कसं जायचं?

रायबंदरहून फेरीबोट. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य हे चोडण बेटाच्या टोकाला, अवघं १.७८ चौरस किलोमीटर, जवळजवळ सगळं कांदळवन. १९८८ मध्ये ते जाहीर झालं. पायवाटेनेही आत जाता येतं, पण खरी मजा होडीत आहे. आणि इथेच लोक फसतात, आम्हीही फसलो.

आठेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पाहुणे होते, उशिरा निघालो, होडीवाला म्हणाला पाणी उतरतंय, लवकर आटपा. आमच्यातल्या एकाला खंड्याचा फोटो मनासारखा मिळेना. "अजून पाच मिनिटं" करत अरुंद खाडीत शिरलो आणि होडी चिखलावर टेकली. उतरायची सोय नाही, मांडीपर्यंत पाय जातो. भरती लागेपर्यंत तब्बल दोन तास तसेच बसलो. एका वयस्कर काकूंनी पिशवीतून चिवडा काढला म्हणून निभावलं.

त्या दोन तासांत जे दिसलं ते मात्र एरवी दिसलं नसतं. चिखलातून वर आलेली तिवरांची मुळं, पेन्सिली रोवाव्यात तशी. झाड त्यांतून श्वास घेतं, कारण चिखलात हवा नसते. त्या मुळांमधून निवट्या उड्या मारत होत्या. हा मासा पाण्याबाहेर कल्ल्यांजवळच्या पंखांवर सरकतो, कातडीवाटे हवा घेतो आणि दुसरी निवटी जवळ आली की पाठीवरचा पर शिडासारखा उभारून तिला धमकावतो. एक नांगी स्वतःएवढी मोठी असलेले नर खेकडे ती हलवून माद्यांना बोलवत होते.

तर, ओहोटी उलटून पाणी चढायला लागलं की होडीत बसा. चिखल अजून उघडा असतो, पक्षी त्यावर असतात, आणि अडकलात तरी पाणी वाढतंच असतं.

परतताना जुन्या गोव्यावरून करमळीचं तळं करा, गाडीने काही मिनिटांवर. हिवाळ्यात बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी. रस्त्याच्या कडेला गाडी उभी करून दिसतात. आई-वडील बरोबर असतील तर चोडणपेक्षा हेच सोयीचं.

मगरी खरंच आहेत?

आहेत. मांडवी आणि जुवारी यांना जोडणारा कुंभारजुवे कालवा हे त्यांचं घर. मगर एरवी गोड्या पाण्यातली, इथली मात्र मचूळ पाण्यात राहते. सकाळ-संध्याकाळच्या नियमाला हा एकच अपवाद: थंडीच्या दिवसांत ऊन वर आल्यावर, ओहोटीला, ती काठच्या चिखलावर ऊन खात पडते. होडीतून बघा, काठाने चालत शोधू नका.

या भागातल्या खाजन शेतकऱ्यांचं तिच्याशी जुनं नातं आहे. खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती. बांधाला मानस नावाची झडप असते, ती भरतीला मिटते आणि ओहोटीला उघडते. पौष अमावास्येला दुर्भाट आणि आसपासच्या काही गावांत "मांगे थापणी" होते. बांधाजवळ चिखलाची मगर करून, शिंपले-काटक्या लावून तिची पूजा करतात. मगरीने बांध आणि माणसं राखावीत एवढंच मागणं. कुणाच्या घरचं कार्य असावं तसं जा. ड्रोन घेऊन जाऊ नका.

डॉल्फिन दाखवणाऱ्या बोटी घ्याव्यात का?

आमचं मन धजत नाही. शिकेरी, पाळोळे इथून बोटी निघतात. एक पाठीचा पर दिसला की पाच-सहा बोटी घरघरत त्याच्या मागे. जायचंच असेल तर सकाळी लवकर, आणि बसण्याआधी बोटवाल्याला सांगा, "पाठलाग नको, इंजिन बंद करून थांबू." बरेच जण ऐकतात. इथले कुबडाचे डॉल्फिन किनारा आणि नदीमुखं धरून राहतात, त्यामुळे शांत सकाळी उंचावरून फुकटही दिसतात. दक्षिणेतल्या काब द राम किल्ल्याच्या तटावरून आम्ही पाहिलेत.

पणजीच्या खाली कुठल्या रस्त्याने जावं?

जुवारीचा पूल ओलांडून मडगावपर्यंत महामार्ग ठीक. वाटेत डावी-उजवीकडे फारसं रेंगाळू नका. वास्कोच्या बाजूला वळलात तर चिखलीची खाडी लक्षात ठेवा, तिथल्या चिखलात चपट्या, अर्धपारदर्शक शिंपल्या मिळतात. गोव्याच्या जुन्या घरांच्या खिडक्यांत काचेऐवजी याच बसवलेल्या असत.

मडगावपुढे दोन रस्ते. एक कुंकळ्ळी–बाळ्ळी करत करमल घाटाने काणकोणला. दुसरा असोळणे–बेतूल–काब द राम–खोला–आगोंद. दुसराच घ्या. अर्धा-पाऊण तास जास्त लागतो, वळणं बेक्कार, रस्ता अरुंद, पण साळ नदीच्या मुखावरचं बेतूल तुम्हाला महामार्गावर मिळणार नाही. बेतूलला मासळी आणि शिणाणे, म्हणजे खाण्याचे शिंपले, उतरतात, तिथे घारी आणि बगळे कोळ्यांइतकेच वक्तशीर. पुढे काब द रामचा किल्ला, मग खोला. खोल्याची मिरची भौगोलिक निर्देशांक मिळालेली, लालभडक आणि तिखटाला बेताची. रस्त्याकाठी दिसली तर घ्या, घरच्यांना शंख-शिंपल्यांपेक्षा ती आवडेल. हा रस्ता अंधारात करू नका.

खोतीगावात वाघ दिसेल का?

आम्हाला सगळे हेच विचारतात. नाही. गवा दिसला तरी नशीब समजा, तो गोव्याचा राज्यप्राणी असूनही सहसा दर्शन देत नाही. खोतीगाव अभयारण्य ८६ चौरस किलोमीटर, काणकोणहून जवळ. समुद्रावर नाश्ता करून तासाभरात दाट रानात, ही गोष्ट गोव्यातच जमते. शेकरू, वानरं, धनेश, आणि ओल्या मातीवर इतरांचे माग. उंच झाडावर मचाण आहे, चढायला गुडघे शाबूत हवेत. दरवाजा उघडताच आत शिरा आणि मचाणावर मुकाट बसा. गाडीने सगळं रान पालथं घालणाऱ्यांना काही दिसत नाही, आणि मग ते "तिथे काही नाही" असं लिहितात. आत रेंज नसते, पाणी आणि खाणं बरोबर घ्या, कचरा परत आणा.

गालजीबाग वाटेत लागतं का?

आता लागत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेला काणकोणचा बायपास तळपण आणि गालजीबाग नद्यांवरून तुम्हाला भर्रकन पलीकडे टाकतो. जुन्या रस्त्याने उतरा. दोन नद्यांच्या मुखांमधला हा किनारा, मागे सुरूंची रांग, कासवांसाठी राखलेला. खुर्च्या-छत्र्यांचा बाजार नाही. कालवं खाणाऱ्यांनी गावात चौकशी करावी. पोहायला मात्र नदीच्या मुखापाशी उतरू नका, ओहोटीचा ओढ भल्याभल्यांना नेतो. लाल बावटा असेल तर गुडघ्याएवढंही पाणी नको.

गाडी भाड्याने घेताना काय बघायचं?

पाटी. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची गाडी "मित्राची आहे म्हणून सांगा" म्हणत कुणी दिली तर नाही म्हणा. नाक्यावर प्रश्न तुम्हाला विचारतात, मित्राला नाही. घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा. रेल्वेने येणाऱ्यांनी पेडणे किंवा थिवीला उतरून काणकोणला संपवावं, विमानाने येणाऱ्यांना उत्तरेच्या सुरुवातीसाठी मोपा विमानतळ जवळ.

वाळूवर गाडी नेली तर चालेल?

नाही. दंड होतो, कासवांची घरटी चिरडतात, आणि चाक रुतल्यावर ट्रॅक्टरवाला जो आकडा सांगेल तो द्यावा लागतो.

मुक्काम कुठे करावा?

तीन ठिकाणं पुरतात: मोरजी-मांद्रे, पणजी-रायबंदर, आगोंद-पाळोळे. रोज बॅगा भरत बसू नका. किनाऱ्यावर खोली घेताना विचारा की रात्री समुद्राकडचे दिवे बंद करतात का. "हो" म्हणणारा मालक बाकीच्या बाबतीतही बरा निघतो, असा आमचा अनुभव.

शाकाहाऱ्यांचे हाल होतात का?

मुळीच नाही. सकाळी कुठल्याही गावच्या हॉटेलात भाजी-पाव मिळतो: पातळ भाजी, सुकी भाजी किंवा दोन्ही मिक्स, वर मिरची भजी. पहाटे बाहेर पडणाऱ्यांसाठी आदल्या संध्याकाळी पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, उंडे (गोल पाव) घेऊन ठेवा, भोंपू वाजवत सायकलवरून येतो तोच. मासे खाणाऱ्यांना दुपारच्या थाळीत हुमण (माशाची आमटी), किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर) आणि तिसऱ्या असल्या की खोतीगावची पहाटेची चाल वसूल. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये थाळी शोधू नका, गावात बाजारपेठेजवळ शोधा.

बरोबर काय घ्यावं?

एक दुर्बीण, महागडी नको, आठ बाय बेचाळीसची पुरते. मळखाऊ रंगाचे कपडे, डासांचं मलम, चिखलात अडकून न राहणाऱ्या पट्ट्याच्या चपला. अपघात किंवा आजारपणाला १०८, पोलिसांसाठी ११२.

परतताना त्याच रस्त्याने यावं लागतं?

पोळ्याहून पुढे कारवारला जाणारे पुढे जातात. महाराष्ट्राकडे परतणाऱ्यांनी करमल घाट चढून केपे–कुडचडे मार्गे यावं. कुडचड्याजवळ नंदा तळं आहे, ४२ हेक्टरचं, २०२२ मध्ये गोव्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालेलं. पावसाळा संपला की तिथे पाणी साठवतात आणि हिवाळ्यात पक्षी येतात. संध्याकाळी पाचच्या सुमारास पोचाल असं बघा, सूर्य पाठीशी ठेवून उभे राहा. आणि पेडण्यावरून जाताना फोन करा. चहा टाकतो, पण खेकड्यांचे चारशे फोटो दाखवायला बसू नका, आमच्याकडे आमचे आहेत.